नवे पाळीव उंदीर घरी आणल्यावर: त्यांना माणसाळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी उंदीर पाळते आहे. नव्यानं उंदीर आणलेल्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वेगवेगळी असली तरी जवळजवळ सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: उंदीर हा ज्याची शिकार होते असा प्राणी आहे, आणि ‘इथून मला निघून जाता येतं’ याची खात्री पटल्यावरच तो आपल्याजवळ थांबतो. इथे उंदीर म्हणजे रॅट. त्याच्याहून बराच लहान असलेला माउस हा वेगळा प्राणी आहे, त्याला हे सगळं जसंच्या तसं लागू पडत नाही.

१. पाळीव उंदीर आणि गटारातला उंदीर एकच का?

जात एकच, रॅटस नॉर्वेजिकस. पण माणसाच्या सहवासात पिढ्यान् पिढ्या वाढल्यामुळे स्वभावात फार मोठा फरक पडला आहे. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये उंदीर पकडणारे लोक वेगळ्या रंगाचे उंदीर मारायचे नाहीत, बाजूला ठेवून वाढवायचे. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला जॅक ब्लॅक त्यासाठी प्रसिद्ध होता. १९०१मध्ये एल्सबरीच्या प्रदर्शनात पाळीव उंदरांना पहिल्यांदा स्वतंत्र वर्ग मिळाला, तो पाळीव उंदरांच्या शौकीन मेरी डग्लस यांच्या खटपटीमुळे. तेव्हापासून शांत, न चावणाऱ्या उंदरांचीच पिल्लं वाढवली गेली. त्यामुळे पाळीव उंदीर माणसाला लवकर सरावतो. तरी अंगावर सावली पडली की दचकणं त्याच्या रक्तातच आहे, ते जात नाही.

२. एकटाच आणला तर तो मला जास्त चिकटेल ना?

नाही, आणि हा गैरसमज उंदरांना फार महाग पडतो. उंदीर एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, एकमेकांची मान साफ करतात आणि आपल्याला ऐकूच येत नाहीत अशा आवाजांत बोलतात. आपण कितीही वेळ दिला तरी रात्री तीन वाजता आपण झोपलेलो असतो आणि ते जागे असतात. २०११मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात मोकळ्या उंदरांनी नळीत अडकलेल्या सोबत्याचं दार उघडून त्याला सोडवलं. शेजारी चॉकलेट ठेवलं होतं, तरी त्याला सोडवलं, आणि बरेचदा चॉकलेटही वाटून खाल्लं. अशा प्राण्याला एकटं ठेवू नये.

शिवाय जोडी असली की माणसाळवणं सोपं जातं. दोघांतला धीट आधी पुढे येतो, भित्रा मागून बघतो आणि त्याच्याकडून शिकतो. किमान दोन आणि एकाच लिंगाचे आणा (नर की माद्या, यासाठी प्रश्न १५).

३. आजच घरी आले आहेत. पहिले दोन दिवस काय करू?

जवळजवळ काहीच नाही. पिंजरा माणसांचा वावर असलेल्या खोलीत, जमिनीपासून उंच आणि एक बाजू भिंतीला लागेल असा ठेवा. लपायला किमान दोन जागा द्या: एक खोकं (हेच त्यांचं ‘घर’), एक झोळी. तुम्ही रात्रभर घातलेला जुना टी-शर्ट आत टाका. उंदराची नजर कच्ची असते, तो माणूस ओळखतो तो वासावरून आणि आवाजावरून. त्यामुळे पिंजऱ्याजवळ बसून नेहमीच्या आवाजात बोला, मोठ्यानं वाचा, फोनवर गप्पा मारा.

पहिल्या आठवड्यात पिंजरा पूर्ण धुऊन काढू नका. स्वतःचा वास गेला की त्यांना पुन्हा परक्या घरात आल्यासारखं होतं. ओला झालेला कोपरा बदला, बाकी राहू द्या. भुसा वापरत असाल तर पाइन किंवा देवदाराचा नको, त्यातल्या तेलांचा श्वसनाला त्रास होतो.

४. माणसाळायला किती दिवस लागतात?

लहानपणापासून हाताळलेलं सहा-सात आठवड्यांचं पिल्लू असेल तर चार-पाच दिवसांत हातावर येतं. ज्याला कधी कुणी हात लावलेला नाही, त्याला काही आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेही. उंदराचं आयुष्य मुळात दोन ते तीन वर्षांचं, म्हणून लोकांना घाई होते ते मला समजतं. पण प्रगती दिवसांवर मोजू नका. काल हात दिसला की घरात पळत होता आणि आज दारात थांबून बघतो आहे, तर काम पुढे सरकलेलं आहे.

५. उचलायचं कसं? शेपटीला धरलं तर चालतं का?

शेपटीला कधीच धरू नका. शेपटीवरची कातडी मोज्यासारखी निघून येऊ शकते. मग आतलं हाड उघडं पडतं, तेवढा भाग बहुधा कापावा लागतो, आणि शेपूट पुन्हा वाढत नाही.

बरोबर पद्धत अशी: हात वरून न आणता बाजूनं, खालच्या पातळीवरून न्या. एक तळवा छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे. दुसरा मागच्या पायांखाली. चारही पायांना आधार मिळाला की उंदीर धडपडत नाही. लगेच तुमच्या छातीशी घ्या. आवळू नका, कारण उंदीर छाती फुगवून श्वास घेतो आणि तिथे दाब आला की तो घाबरतो.

हाताला अजून बिचकत असेल तर हातानं उचलूच नका. पुठ्ठ्याची रुंद नळी किंवा छोटं खोकं पुढे धरा, त्यात शिरला की खोकंच उचला. लिव्हरपूल विद्यापीठात २०१०मध्ये माउसवर झालेल्या अभ्यासात असंच दिसलं होतं. शेपटीनं उचललेले माणसाला टाळत राहिले. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले आपणहून जवळ आले.

६. पिंजऱ्यात हात घातला की दोघंही घरात पळतात. काय करू?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे.

आधी हात साबणानं धुवा, मग पिंजऱ्याच्या तळाशी उताणा, सैल ठेवून द्या आणि विसरून जा. दहा मिनिटं. बोटं हलवायची नाहीत, त्यांच्या मागे जायचं नाही, त्यांच्याकडे टक लावून बघायचंही नाही. ते हुंगतील, एखादी मिशी लावून परत पळतील. पळू द्या. पळून जाता आलं हाच धडा त्यांना हवा असतो. पाठलाग केला तर ते उलटा धडा शिकतात.

मग चमचा आणा. चमच्याच्या टोकाला साधं दही किंवा बाळांसाठीची फळांची पेज लावून दारापासून थोडं लांब धरा. चमचाच का, तर कोरडा खाऊ दिला की तो पळवून घरात जाऊन खातात. चाटण्याचा खाऊ पळवता येत नाही, तुमच्याजवळ थांबूनच खावा लागतो. माझी तिळी नावाची मादी पहिल्यांदा चमच्यापर्यंत आली तेव्हा तिचं अंग रबरासारखं ताणलेलं होतं, पुढचे दोन पाय चमच्यापाशी आणि मागचे दोन अजून खोक्याच्या दारात. चार वेळा चाटलं आणि सपकन आत. दुसऱ्या दिवशी एक मागचा पाय बाहेर. पाचव्या दिवशी शेपूटही बाहेर आली. तेव्हा मी चमचा तळहातावर ठेवला आणि तिनं माझ्या अंगठ्यावर पाय टेकून दही संपवलं.

एक नियम मात्र कडक पाळा: ते त्यांच्या घरात असताना हात आत घालून बाहेर काढू नका. ती एकच जागा पूर्णपणे त्यांची असू द्या. आजारपण, आग असा प्रसंग आला तर घरासकट उचला.

७. गजांमधून खाऊ दिला तर चालेल का?

नको. गजांतून आत येतं ते खायचं, असं त्यांच्या डोक्यात बसतं. मग एखाद्या दिवशी पाहुण्यांचं बोट गजातून आत जातं आणि चावा बसतो. त्यात उंदराचा काहीच दोष नसतो. खाऊ नेहमी उघड्या दारातून, हातावर किंवा चमच्यानं द्या.

चिकट पदार्थाचा मोठा गोळा, उदाहरणार्थ पीनट बटर, देऊ नका. उंदराला उलटी करता येत नाही, घशात अडकलेलं बाहेर काढणं त्याला फार अवघड जातं. पातळ थर पुरे.

८. कुणी म्हणतं ते आपणहून येईपर्यंत थांबा, कुणी म्हणतं रोज उचला म्हणजे सवय होते. खरं काय?

दोन्ही बाजूंचे लोक अनुभवानंच बोलत असतात, कारण त्यांना भेटलेले उंदीर वेगळे होते.

रोज वीस-तीस मिनिटं अंगावर घेऊन बसायची पद्धत थोड्या बिचकणाऱ्या पिल्लांना लागू पडते. सुरुवातीला ती ताठ असतात, मग हळूहळू सैल पडतात, अंग साफ करायला लागतात. तो शांत होण्याचा क्षण आल्यावरच परत ठेवायचं. धडपडत असताना ठेवलं तर धडपडलं की सुटका होते, हे त्याला कळतं. याउलट जो उंदीर उचलल्यावर किंचाळतो, मुततो, लेंड्या टाकतो किंवा गोठल्यासारखा निश्चल होतो, त्याच्यावर ही पद्धत चालवू नका. गोठलेला उंदीर शांत झाला आहे असं वाटतं, ती सर्वांत मोठी फसगत. त्याचे डोळे मोठे असतात, श्वास भराभर चालतो, समोर खाऊ धरला तरी तो चाटत नाही.

माझी कसोटी खाऊची आहे. हातावर असताना चाटत असेल तर भीती आटोक्यात आहे, पुढे जा. चाटत नसेल तर एक पायरी मागे या. निव्वळ वाट पाहत राहणंही मला पटत नाही. सहा महिने पिंजऱ्यात हात न घालता बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या उंदरांचं अर्धंच जग त्या पिंजऱ्यात राहिलं. मधला रस्ता पुढच्या प्रश्नात आहे.

९. पिंजऱ्याबाहेर कुठे आणि कसं बसायचं?

छोटी, बंद जागा निवडा. न्हाणीघर उत्तम: कोरडं करा, कमोडचं झाकण आणि मोरीची जाळी बंद करा, जमिनीवर जुनी चादर पसरा आणि स्वतः खाली बसा. एखादं खोकं ठेवा, म्हणजे लपायला जागा राहील. मग काहीच करू नका. त्या खोलीत सगळ्यांत उबदार आणि चढण्याजोगी गोष्ट तुम्हीच असता. आधी पायाचा अंगठा हुंगतील, मग पोटरीवरून धावत जातील, एक दिवस मांडीत थांबतील. सैल टोपीचा स्वेटर किंवा ओढणीची झोळी असेल तर त्यात शिरून झोपतातही. झोपेपर्यंत मजल गेली की अर्धं काम झालं.

वेळ संध्याकाळची ठेवा, तेव्हा ते ताजेतवाने असतात. विजेच्या वायरी दिसतील तिथे सोडू नका. आणि उकाड्यात फार वेळ बाहेर ठेवू नका: उंदराला घाम येत नाही, अंगातली बरीच उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो, त्यामुळे ३० अंशांच्या वर त्याला लवकर त्रास होतो.

१०. अंगावर घेतलं की थेंब थेंब लघवी करतात. रागावले आहेत का?

नाही, ही खूण करण्याची पद्धत आहे. चालता चालता थेंब सोडतात, नर जास्त, माद्याही करतात. ओळखीच्या वस्तूंवर आणि आवडत्या माणसांवर ती खूण असते. अंगावर घेण्याचा एक जुना शर्ट वेगळा ठेवा आणि तो प्रत्येक वेळी धुऊ नका. एकदम भरपूर लघवी आणि सोबत लेंड्या आल्या तर मात्र ती भीती आहे (प्रश्न ८ पाहा).

११. दात करकरवतो आणि डोळे आत-बाहेर होतात! काही झालंय का?

आरामात, तुमच्या मांडीत असताना होत असेल तर तो अगदी सुखात आहे. जबड्याचा स्नायू डोळ्याच्या मागून जातो, म्हणून दात एकमेकांवर घासताना डोळे थरथरतात. पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं खरं. पण कोपऱ्यात पाठ वाकवून, केस पिंजारून दात वाजवत असेल तर ते दुखणं किंवा ताण असू शकतो. अंगाची ठेवण बघून ठरवा.

१२. उंदरांना गुदगुल्या होतात हे खरं आहे का?

खरं आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ जाक पँकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे दाखवलं. गुदगुल्या केल्यावर उंदीर सुमारे ५० किलोहर्ट्झचे चिवचिवाट काढतात, तेच आवाज ते खेळताना काढतात. घाबरल्यावरचा आवाज वेगळा, सुमारे २२ किलोहर्ट्झचा. दोन्ही आपल्या कानांच्या पलीकडचे. २०१९मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात उंदरांना लपाछपी शिकवली, तेव्हा बक्षीस म्हणून खाऊ नव्हताच. नुसत्या गुदगुल्या आणि खेळ यांच्यासाठी ते लपत आणि शोधत होते.

करायचं असं: मानेमागे बोटांनी हलकं, भराभर खाजवा, मग हात लांब न्या. तो हाताच्या मागे धावत आला तर पुन्हा. आला नाही तर त्याला नको आहे, थांबा. उताणं पाडून पोटाला गुदगुल्या करणं फक्त पूर्ण माणसाळलेल्या, आणि शक्यतो तरुण उंदराशी. वय वाढलं की बहुतेकांना खेळापेक्षा कानामागे सावकाश चोळलेलं आवडतं.

१३. चावला! आता विश्वास संपला का?

आधी तो चावाच होता का ते बघा. उंदीर नव्या वस्तूची चव दातांनी घेतात, बोट धरून ओढतात, नखं कुरतडतात. यात रक्त येत नाही. बारीक आवाजात ‘ईक’ केलंत की पिल्लं पटकन समजतात, कारण खेळताना जोर झाला की ती एकमेकांना असंच सांगतात.

रक्त आलं असेल तर कारण शोधा. हाताला खाण्याचा वास होता का? गजातून बोट गेलं होतं का? झोपेतून उठवलं का? दुसऱ्या उंदराचा, मांजराचा वास हाताला होता का? दोन उंदरांच्या भांडणात हात घातला का? यातलं काहीच नसेल तर दुखणं असू शकतं, आणि तरुण नर असेल तर प्रश्न १८.

माझी दुसरी मादी, शेवंती, आली तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी तिच्या खोक्यात हात घालून तिला झोपेतून काढलं. तिनं तर्जनीला कडकडून चावा घेतला, दोन खोल भोकं पडली. तिच्या घरात शिरले होते मी. त्यानंतर दोन आठवडे ती माझा उजवा हात दिसला की मागे सरायची, डाव्या हातातून मात्र खायची. मग रोज उजव्या हातानं फक्त चमचा धरला, उचललं नाही, आणि ते निवळलं.

चावल्यावर झटका देऊन हात ओढू नका, जखम फाटते. ओरडू नका, मारणं तर नाहीच. जाड हातमोजे शक्यतो टाळा: त्यांना तुमच्या हाताचा वास येत नाही आणि तुम्हाला किती जोरात धरलंय ते कळत नाही. भीती वाटत असेल तर बाह्या हातावर ओढून घ्या.

१४. चाव्याच्या जखमेचं काय करायचं? रोग होतो का?

वाहत्या पाण्याखाली साबणानं नीट धुवा, जंतुनाशक लावा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. रेबीज उंदरांसारख्या लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांकडून होणं अत्यंत दुर्मीळ असतं, तरी तो निर्णय डॉक्टरांवर सोपवा. लक्षात ठेवण्याजोगा आजार म्हणजे उंदीर-चावा ताप. त्याचे जिवाणू निरोगी दिसणाऱ्या उंदराच्या तोंडातही असतात. साधारण ३ ते १० दिवसांत, कधी तीन आठवड्यांनी, ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि घरी उंदीर आहेत हे आवर्जून सांगा. वेळेत प्रतिजैविकं मिळाली की बरा होतो, अंगावर काढला तर जिवावर बेतू शकतो.

रोजचं: हाताळून झाल्यावर हात धुवा, तोंडाला तोंड लावू नका.

१५. नर लवकर माणसाळतात की माद्या?

सर्वसाधारणपणे नर मोठे, सुस्त आणि मांडीत लोळणारे. माद्या चपळ, सतत काहीतरी शोधणाऱ्या, एका जागी न बसणाऱ्या. अपवाद भरपूर. मादीचं प्रेम बसण्यात दिसत नाही, ती दहा वेळा येऊन तुम्हाला हात लावून जाते, ते तिचं प्रेम.

मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते. तेव्हा पाठीला हात लावला की कान थरथरवते, उड्या मारते, पाठ खाली वाकवून थिजते. घाबरू नका, एका रात्रीत ओसरतं.

१६. डोळ्यांभोवती आणि नाकाला लाल दिसतंय. माझ्या हातून दुखापत झाली का?

बहुधा ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य येतं. नव्या घराच्या ताणानं थोडं दिसणं साहजिक आहे. दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, शिंका थांबत नाहीत किंवा श्वासाला घरघर येते असं वाटलं, तर उंदीर तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. मायकोप्लाझ्मा या जिवाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार पाळीव उंदरांत सर्रास आढळतो. आजारी उंदराला माणसाळवण्याचा सराव देऊ नका, आधी बरं होऊ द्या.

१७. माझ्याजवळ येतात, पण बाबांना बघून पळतात. का?

वास नवा, आवाज जड, पावलं जोरात, एवढं पुरतं. शिवाय २०१४मध्ये मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधनात असं आढळलं की पुरुषाच्या, अगदी त्यानं घातलेल्या टी-शर्टच्याही वासानं उंदरांवर ताण येतो, बाईच्या वासानं तसा येत नाही. सुदैवानं हा परिणाम थोड्या वेळात ओसरतो. बाबांचा टी-शर्ट पिंजऱ्यात ठेवा, संध्याकाळचा चमचा त्यांच्या हाती द्या, आणि पहिली दहा मिनिटं त्यांना नुसतं बसू द्या.

लहान मुलांबाबत: मूल जमिनीवर बसलेलं असावं, उंदीर त्याच्या मांडीवर सोडावा, उचलण्याचं काम मोठ्यांनी करावं. पाच वर्षांखालच्या मुलांनी उंदीर हाताळू नये, त्यांना संसर्ग पटकन होतात.

१८. सात महिन्यांचा नर, इतका गोड होता, आता फुगून माझ्यावर धावतो. काय बिघडलं?

तुमच्या हातून काही बिघडलं नसण्याची शक्यता जास्त. साधारण पाच महिन्यांपासून वर्षापर्यंत काही नरांत संप्रेरकांचा जोर चढतो. केस पिंजारतात, तिरका होऊन खेकड्यासारखा सरकत येतो, शेपूट सापासारखी वळवळवतो, सोबत्यालाही जखमा करतो. या अवस्थेत ‘जास्त प्रेम’ कामाला येत नाही. हात लांब ठेवा, हलवायचं असेल तर खोक्यानं हलवा आणि पशुवैद्याशी नसबंदीबद्दल बोला. शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकं उतरायला काही आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. माझ्या पाहण्यातले असे बहुतेक नर नंतर पुन्हा आधीसारखे झाले.

सोबत्याला पाडून वर बसणं, मान चाटणं, क्षणभर चीं चीं, हे सगळं रोजचं आहे. रक्त आलं तरच मध्ये पडा, तेही हातानं नाही, टॉवेल टाकून.

१९. आधीच्या दोघांत नवा उंदीर कसा मिसळू?

दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, रोगराई टळते. हा काळ नव्याला माणसाळवायला वापरा, तुम्हीच त्याचा ओळखीचा आधार होता. मग दोन्ही पिंजऱ्यांतल्या कपड्यांची अदलाबदल करा. त्यानंतर कुणाचाच वास नसलेल्या जागी भेट. प्रश्न ९मधलं न्हाणीघर चालेल, पण जुने उंदीर तिथे नेहमी खेळत असतील तर दुसरी जागा शोधा. एकमेकांवर पडून झोपले की पिंजरा एक करा, तोही धुऊन आणि सामान बदलून.

२०. लाल डोळ्यांचा पांढरा उंदीर डोकं डोलवत राहतो आणि हात लावला की दचकतो. आजारी आहे का?

डोळ्यांत रंगद्रव्य नसल्यामुळे त्याला इतरांपेक्षाही कमी दिसतं. डोकं डुलवून तो अंतराचा अंदाज घेतो. अशा उंदराला आधी आवाज, मग वास, मग स्पर्श, या क्रमानं भेटा. नेहमी एकच शब्द म्हणा आणि हात नाकासमोर क्षणभर थांबवा. उजेड मंद ठेवा. डोकं एका बाजूला कलून राहिलं, तोल गेला किंवा गोल गोल फिरायला लागला तर ते वेगळं, लगेच पशुवैद्य गाठा.

२१. दोन ‘माद्या’ आणल्या होत्या, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं झाली. आईला आणि पिल्लांना हात लावू का?

गर्भ २१ ते २३ दिवसांचा आणि वयात येणं पाचव्या आठवड्यात, त्यामुळे असं बरेचदा होतं. दुसरी मादी खरोखर मादीच आहे का ते आज तपासा. नर निघाला तर आत्ताच वेगळा करा, कारण मादी व्यायल्यानंतर दिवसभरात पुन्हा गाभण राहू शकते.

आईचा तुमच्यावर विश्वास नसेल तर पहिला आठवडा घरट्यात हात नको. नेहमी शांत असलेली मादीही या दिवसांत चावते, तिला माफ करा. ती आपणहून बाहेर येऊन खात असेल तर त्या वेळात पिल्लं मोजून घ्या, तेवढंच. विश्वास असेल तर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिल्लं रोज काही मिनिटं तळहातावर घ्या. डोळे साधारण १४ दिवसांनी उघडतात, त्याआधीच तुमचा वास त्यांच्या ओळखीचा होतो. पाचव्या आठवड्यात नर पिल्लं वेगळी करा.

२२. खोलीत सुटला आणि सापडत नाही.

दार बंद करा, फटीखाली टॉवेल दाबा, मांजर-कुत्रं बाहेर काढा. मागे धावू नका, त्यानं तो कपाटामागेच बसतो. पिंजरा जमिनीवर, दार उघडं, आत खाऊ आणि त्याचा सोबती शेजारी छोट्या कॅरिअरमध्ये. दिवे मालवा. जमिनीवर थोडं पीठ भुरभुरलंत तर सकाळी पावलांवरून कळतं तो कुठे दडतो. आधीपासून चमचा वाजवून खाऊ द्यायची सवय असेल तर त्याच आवाजावर बरेच उंदीर बाहेर येतात. म्हणून ती सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

२३. बाहेर सापडलेलं जंगली उंदराचं पिल्लू असंच माणसाळवता येईल का?

प्रयत्न करू नका. काही पिल्लं माणसाच्या हातून वाढतात, पण मोठी झाल्यावर कोंडलेल्या जागेत त्यांची भीती उफाळून येते. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार जंगली उंदरांकडून येतात, ते तुमच्या पाळीव उंदरांनाही होऊ शकतात. उघड्या हातानं उचलू नका आणि वन्यप्राणी वाचवणाऱ्या माणसांना कळवा.

२४. जोडीतला एक गेला. उरलेला हातावरही येत नाही.

शोक करू द्या आणि सोबत वाढवा. शक्य असेल तर गेलेल्याला थोडा वेळ त्याच्याजवळ राहू द्या. तो हुंगतो, साफ करायला बघतो, मग सोडून देतो. शोध घेत फिरणं त्यामुळे कमी होतं, असा माझा अनुभव आहे. पुढचे काही दिवस खाण्यावर आणि वजनावर लक्ष ठेवा. दोन दिवस नीट खाल्लं नाही तर पशुवैद्याकडे न्या.

तिळी गेली तेव्हा शेवंती दोन वर्षांची होती, मागचे पाय थकले होते, चढता येत नव्हतं. मी तिची झोळी काढून पिंजऱ्याच्या तळाशी मऊ चादरीचं घरटं केलं आणि दिवसातला बराच वेळ तिला स्वेटरच्या टोपीत घेऊन फिरले. म्हाताऱ्या उंदराला अवखळ पिल्लं झेपत नाहीत, पण शांत, मध्यम वयाची मादी चालते. तीन आठवड्यांनी, प्रश्न १९मध्ये लिहिलं आहे तशीच, एक करडी मादी आणली. पहिल्या रात्री दोघी घरट्याच्या दोन टोकांना होत्या. पहाटे पाहिलं तर करडीनं आपली मान शेवंतीच्या मानेखाली सरकवली होती.